पडद्यामागून पाहिलेला चंद्र

आपल्याकडील चित्रपटांवर लिहिणाऱ्या मंडळींनी 'चाँद पर चढाई' या चित्रपटाला फार तर दोन ओळी दिल्या आहेत, आणि त्याही हसत हसत. १९६७ साली आलेला हा कृष्णधवल हिंदी चित्रपट. दिग्दर्शन टी. पी. सुंदरम यांचे, संगीत उषा खन्ना यांचे, नायक दारा सिंग. कॅप्टन आनंद नावाचा अंतराळवीर भागू नावाच्या मदतनिसाला घेऊन चंद्रावर उतरतो आणि तेथे परग्रहावरच्या योद्ध्यांशी व राक्षसांशी त्याची झुंज होते. राजकन्या आहे, गाणी आहेत, हेलन आहे. आर्मस्ट्राँगचा पाय चंद्राला लागण्याच्या दोन वर्षे आधी आपल्या दारा सिंगने तेथे कुस्ती मारली होती, असा विनोद करून प्रस्थापित समीक्षक पुढच्या चित्रपटाकडे वळतात.

हसण्यासारखे त्यात आहे, हे मी नाकारत नाही. स्वस्तातला देखावा लपत नाही आणि शास्त्राच्या नावाने आनंदच आहे. प्रश्न वेगळाच आहे. चित्रपटाचा इतिहास म्हणजे तो कोणी काढला याचाच इतिहास काय? तो कोणी पाहिला, कोठे बसून पाहिला, आणि पाहणाऱ्याचे त्या चंद्राशी आधीचे नाते काय होते, हे विचारायला नको काय? मी भंडारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. म्हणून मला हे प्रश्न पुस्तकांच्या आधी घरात भेटले.

चंद्राशी आमचे नाते काय होते? मराठी कवितेने चांदण्याची कौतुके खूप केली. त्यातली कौमुदी आमच्या वस्तीत कधी उतरली नाही. आमचा चंद्राशी रोकडा व्यवहार होता आणि तो ग्रहणाच्या रात्री होई. चंद्राला गिळणारे राहू आणि केतू हे अस्पृश्यांच्याच जातकुळीचे, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वदूर होती. म्हणून ग्रहण लागले की मांग-महारांनी गावात फिरावे, 'दे दान सुटे गिराण' अशी हाळी द्यावी, आणि गावाने धान्य, जुनी लुगडी, फुटकी भांडी त्यांच्या पदरात टाकावी. ग्रहणात विटाळलेली वस्तू विटाळलेल्या माणसाला, असा हा हिशेब. चंद्र काळवंडला की त्याचा दोष आमच्याकडे आणि तो सुटला की त्याचे पुण्य गावाकडे. एका खगोलीय घटनेची एवढी चोख जातवार वाटणी जगात दुसरीकडे कोठे झाली असेल, असे मला वाटत नाही. माझ्या आज्याने लहानपणी हे दान मागितले होते. १९५६ नंतर त्याने ते सोडले. पुढे कुणी शिळे-पाके देऊ केले, तर हा माणूस ताडकन उठून जाई. ग्रहण मात्र तो आवडीने पाहायचा.

त्या आज्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेरा-चौदा वर्षांचे असताना चंद्रावर माणूस गेलेला पाहिला. साल १९७३-७४ चे असावे. मुंबईत चित्रपट लागून सहा-सात वर्षे झाली की त्याच्या झिजलेल्या रिळा आमच्याकडे येत. धानाची कापणी-मळणी उरकली, लोकांच्या हातात चार पैसे खुळखुळू लागले, की वैनगंगेच्या काठच्या मोठ्या गावांतून फिरत्या टॉकीजचे तंबू ठोकले जात. मंडई, दंडार आणि नाटके यांचाही हंगाम हाच. झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्रभर बसणारा. त्याला टॉकीजचे कौतुक होते, अप्रूप नव्हते.

तंबूच्या मध्यावर कापडी पडदा. पडद्यासमोरची जागा गावाची. पडद्याच्या मागची जागा अर्ध्या तिकिटाची, आणि ती कोणाची हे कोणी सांगावे लागत नव्हते. चार आण्यांचे तिकीट हे कारण पुरेसे होते. कोणी समोर येऊन बसलाच तर दुसरी कारणे निघत. कापड पातळ असल्यामुळे चित्र मागूनही स्वच्छ दिसे, फक्त उलटे. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. नावांची अक्षरे उलटी दिसत, पण ती वाचणारे पडद्यामागे होतेच किती?

वडील आजही ठामपणे सांगतात की दारा सिंग डावखुरा होता. "थो डाव्या हातानंच मारे," असे म्हणून ते हात उगारून दाखवतात. आता हा चित्रपट मोबाईलवर पाहता येतो. मी त्यांना तो दाखवला. त्यांनी अर्धा तास पाहिला आणि म्हणाले, हा कोणी दुसरा माणूस दिसतो. मी वाद घातला नाही. उलट मला वाटले की एका पिढीने हा चित्रपट उलटा पाहिला, आणि त्या पिढीच्या आठवणीतला चित्रपट हाही पुराव्याचा एक भाग आहे. कोणत्याही संग्रहालयात ही प्रत मिळणार नाही.

पडद्यामागच्या प्रेक्षकाला या चंद्रावर काय भेटले? भेटला एक पैलवान. हे मला महत्त्वाचे वाटते. दारा सिंग १९६२ च्या 'किंग काँग' पासून नायक झाला. मारधाडीच्या चित्रपटांचा तो राजा. १९६८ साली त्याने मुंबईत लू थेझला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि ती बातमी खेड्यापाड्यांत पोचली. ज्याची सारी मिळकत म्हणजे अंगातली ताकद, अशा शेतमजुराला, बिडी वळणाऱ्याला, खाणीत घाम गाळणाऱ्याला हा नायक आपला वाटला तर नवल नाही. युरोपच्या चंद्रप्रवासात प्राध्यापक जातात, संशोधक जातात, पैसेवाले जातात. मुंबईच्या चंद्रप्रवासात मनगट जाते. समीक्षक याला अडाणीपणा म्हणतात. माझ्या मते हा चित्रपट नकळत एक खरी गोष्ट सांगून जातो: या देशात अवघड जागी पहिल्यांदा पाठवले जाते ते शरीर.

पण याच चित्रपटाची मर्यादाही तेथेच आहे. चंद्रावर पोचल्यावर पाहावे तो तेथे राजकन्या आणि तिच्या भोवती शिपाई, म्हणजे आपल्याकडचीच उतरंड वर नेऊन ठेवलेली. माणूस हवेशिवाय चंद्रावर हिंडेल, एवढी कल्पना निर्मात्यांना झेपली. राजाशिवायचे राज्य मात्र झेपले नाही. तमिळमध्ये १९६३ साली ए. कासिलिंगम यांनी 'कलै अरसी' नावाचा परग्रहवासीयांचा चित्रपट काढला होता. त्यात एम. जी. रामचंद्रन यांनी शेतकऱ्याचे काम केले आहे आणि परग्रहावरचे लोक संगीत शिकण्यासाठी पृथ्वीवरची गायिका पळवून नेतात. यान ज्यांच्याकडे, गाणे त्यांच्याकडे नाही. गळ्यात गाणे असलेल्याला बळाने उचलून न्यायचे, ही रीत आपल्याला काही परकी नाही.

या साऱ्याचे मूळ शोधत मागे गेलो, की आपण १९०२ सालच्या पॅरिसला पोचतो. जॉर्ज मेलिए हा मूळचा जादूगार. त्याचा 'चंद्राची सफर' हा मूकपट जेमतेम पंधरा मिनिटांचा, पण चंद्रप्रवासाच्या सगळ्या चित्रपटांचा तो पूर्वज. चंद्राच्या डोळ्यात घुसलेले यान, हे त्यातले चित्र सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेले असते. मी हा मूकपट दरवर्षी वर्गात दाखवतो. मुले डोळ्यात घुसलेल्या यानाला हसतात; मी त्यांना दोन दुसऱ्या ठिकाणी थांबवतो.

पहिली जागा सुरुवातीची. लांब झग्यातले, उंच टोप्यांतले पंडित सभा भरवतात आणि मग कारखाना पाहायला येतात. तेथे यानाच्या पत्र्यावर हातोडे चालू आहेत. पंडितांचा एक गडी आम्लाच्या पिंपात पडतो, हशा पिकतो. हातोडे चालवणारी माणसे त्या दृश्यानंतर चित्रपटातून नाहीशी होतात. यानात बसतात ते सहा पंडित.

दुसरी जागा शेवटची. चंद्रावरच्या प्राण्यांना हे पंडित छत्र्यांनी मारतात. छत्री लागताच तो प्राणी धूर होऊन फुटतो. ते कोणी शत्रू आहेत असे आधी कोठेही दिसलेले नसते. पहिला फटका पाहुण्यांचाच. त्यांच्या राजाला उचलून आपटतात आणि पळ काढतात. पळताना एक चंद्रवासी यानाला लटकून पृथ्वीवर येतो. या चित्रपटाचा शेवटचा भाग बरीच वर्षे हरवलेला होता. पूर्ण प्रत २००२ साली सापडली. त्या हरवलेल्या भागात काय होते? विजयाची मिरवणूक. पंडितांना पदके आणि नेत्याचा पुतळा, ज्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे की श्रम सर्वांवर विजय मिळवतात. आणि त्या मिरवणुकीत तो पकडून आणलेला चंद्रवासी लोकांपुढे नाचवला जातो. श्रमाचे वचन पुतळ्यावर, श्रमिक कारखान्यात, आणि जिंकलेला माणूस दोरीला. आमच्या वस्तीतल्या मुलांना हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. मिरवणुकीत सर्वांच्या पुढे वाजवत चालणारा आणि तरीही मिरवणुकीत नसणारा माणूस त्यांनी घरात पाहिलेला असतो.

तो काळ पॅरिसच्या प्रदर्शनांचा होता हे विसरू नये. १८८९ आणि १९०० च्या जागतिक प्रदर्शनांत वसाहतींतली माणसे त्यांच्या झोपड्यांसह मांडून ठेवली होती आणि गोरे लोक तिकीट काढून ती पाहत होते. मेलिए हा काही दुष्ट मनुष्य नव्हता. त्याच्या चित्रपटात पंडितांचीही भरपूर टिंगल आहे. परंतु नव्या जगातला माणूस म्हणजे पकडून आणून दाखवण्याची वस्तू, ही कल्पना त्याच्या प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेली होती.

आणखी एक गोष्ट. या चित्रपटाच्या काही प्रती रंगीत होत्या. त्या रंगवल्या पॅरिसमधल्या एलिझाबेथ तुइलिए या बाईंच्या कारखान्यातल्या बायकांनी, दोनशेच्या आसपास बायकांनी. प्रत्येकीकडे एकच रंग. बारीक कुंचल्याने एकेका चौकटीवर तेवढाच ठिपका देऊन फिल्म पुढच्या बाईकडे सरकवायची. अशी एक रंगीत प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनात मिळाली आणि २०११ मध्ये दुरुस्त होऊन जगापुढे आली. भंडारा-गोंदियाकडच्या बिडी वळणाऱ्या बायकांची बोटे मला त्या वेळी आठवली. त्या दोनशेंपैकी एकीचेही नाव पडद्यावर नाही.

येथवरचे सगळे, म्हटले तर, चित्रपटातले. पुढचा टप्पा पडद्यातून बाहेर येतो. १९२९ साली जर्मनीत फ्रिट्झ लांग याने 'चंद्रावरची स्त्री' हा चित्रपट काढला. हेर्मान ओबेर्थ हा रॉकेटशास्त्राचा मोठा माणूस त्याचा सल्लागार होता. उड्डाणाआधी उलटे आकडे मोजायची पद्धत याच चित्रपटाने रूढ केली. प्रेक्षकांची उत्कंठा वाढावी म्हणून योजलेली ती युक्ती. पुढे खऱ्या रॉकेटवाल्यांनी ती उचलली. श्रीहरिकोट्याहून आपण जी मोजणी ऐकतो ती मूळची लांगच्या मूकपटातली आहे. हिटलरच्या राजवटीने नंतर हा चित्रपट दडपला, कारण त्यातले रॉकेट खऱ्या गुप्त कामाच्या फार जवळ जात होते. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंड येथून व्ही-२ हे क्षेपणास्त्र प्रथम यशस्वीपणे उडाले, तेव्हा त्याच्या बुडाशी या चित्रपटाचे चिन्ह रंगवलेले होते. ते काम व्हेर्नर फॉन ब्राउन याच्या हाताखाली चालले होते.

ती क्षेपणास्त्रे पुढे कोणी बांधली? मिटेलबाऊ-डोरा या छळछावणीतल्या कैद्यांनी, डोंगरातल्या बोगद्यांत. सुमारे ६०,००० कैदी त्या छावणीतून गेले आणि त्यांतले एक तृतीयांश मेले. ते क्षेपणास्त्र पडून लंडन आणि अँटवर्पमध्ये जितके लोक मेले, त्यांहून अधिक ते बांधताना मेले. युद्ध संपल्यावर अमेरिकेने फॉन ब्राउनला आपल्याकडे नेले; अपोलोची यानेही त्याच्याच सॅटर्न रॉकेटवरून उडाली. मेलिएच्या चित्रपटात हातोडेवाले एका दृश्यानंतर दिसेनासे होतात, याला कोणी योगायोग म्हणेल. डोराच्या बोगद्यांनंतर मी तसे म्हणू शकत नाही.

१९६८ च्या डिसेंबरात अपोलो-८ मधले तीन अंतराळवीर चंद्राभोवती दहा फेऱ्या मारून परतीला लागले. २४ डिसेंबरला त्यांनी चंद्राच्या कडेवरून उगवणाऱ्या पृथ्वीचे छायाचित्र टिपले. ते शाळेच्या पुस्तकांत असते, आणि त्या निळ्या गोळ्यावर देशांच्या सीमा दिसत नाहीत असे त्याखाली लिहिलेले असते. दुसऱ्याच दिवशी, २५ डिसेंबरच्या रात्री, यान परतीच्या वाटेवर असताना तमिळनाडूतल्या तंजावर जिल्ह्यात कीळवेणमणी गावी ४४ दलितांना एका झोपडीत कोंडून जाळले गेले. त्यांत बहुतेक बायका-मुले होती. ही शेतमजुरांची वस्ती, आणि तंटा होता मजुरीत थोडे धान वाढवून मागण्याचा. जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. भंडारा हा धानाचा जिल्हा आहे. मजुरीच्या मापाचा तंटा म्हणजे काय हे येथे सांगावे लागत नाही. आणि २९ सप्टेंबर २००६ नंतर, खैरलांजीनंतर, दुसऱ्यांच्या जिल्ह्यातली गोष्ट म्हणून कीळवेणमणीकडे पाहण्याची सोय आम्हाला राहिलेली नाही. चंद्रावरून देशाच्या सीमा दिसल्या नसतील. गावकूस तरी तेवढ्या लांबून कोणाला दिसणार?

अमेरिकेत हा प्रश्न उघडपणे विचारला गेला, हे नोंदवले पाहिजे. १५ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ उडण्याच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी रेव्हरंड राल्फ अबरनाथी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना घेऊन प्रक्षेपणस्थळापाशी गेले. बरोबर खेचरे जोडलेली गाडी होती. एकीकडे आकाशाला भिडलेले रॉकेट, दुसरीकडे खेचरांची गाडी. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. चंद्रावर जाण्याने उपाशी माणसाचे पोट भरत नाही, असे अबरनाथींचे म्हणणे होते. पेन म्हणाले की हे उड्डाण थांबवून गरिबी हटणार असेल, तर आम्ही ते कळच दाबणार नाही. उत्तर सभ्य होते, पण त्यात एक खोच होती: उड्डाण थांबवून गरिबी हटत नाही हे दोघांनाही माहीत होते. अबरनाथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली, आणि काही कुटुंबांना उड्डाण पाहायला जागा मिळाल्या. यानंतर तीनच वर्षांनी मुंबईत दलित पँथर निघाली, आणि तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्याच संघटनेवरून.

आमच्याकडे तेव्हा काय चालले होते? २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा येथून भारताच्या भूमीवरचे पहिले रॉकेट उडाले, अमेरिकन बनावटीचे. चुंबकीय विषुववृत्त तेथून जाते म्हणून विक्रम साराभाईंनी ती जागा निवडली. तेथे कोळ्यांची वस्ती होती आणि त्यांचे मेरी मॅग्डालेनचे चर्च होते. बिशपनी रविवारी लोकांना विचारले, लोकांनी होकार दिला, चर्चमध्ये कचेरी थाटली गेली. रॉकेटचा भाग सायकलवरून नेतानाचे छायाचित्र तेव्हाचेच. ते आपण कौतुकाने पाहतो, मीही पाहतो. पण सायकल धरून चाललेल्या माणसाचे नाव छायाचित्राखाली नसते. उठून गेलेल्या कोळ्यांची गोष्ट त्यागाची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि पहिल्या परिच्छेदातच संपते. जागा देणारे उदार होते यात शंका नाही. परंतु विज्ञानासाठी गाव सोडण्याचा मान या देशात बंगलेवाल्यांना कधी मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही.

आणि हे जुने झाले म्हणावे, तर २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, आमच्या महाविद्यालयात पेढे वाटले गेले, मीही वाटले. श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपणतळाची अवजड यंत्रसामग्री घडवणाऱ्या रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमधल्या कामगारांचे पगार त्या वेळी अनेक महिने थकलेले होते. रॉकेट म्हणजे शेवटी शिस्तीत जळणारी दारू, आणि दारू म्हणजे काय हे आमच्या जिल्ह्याला ठाऊक आहे. जवाहरनगरची आयुध निर्माणी १९६४ पासून येथे आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले.

यावरून मी रॉकेटांच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. यंत्र नको, चरखा बरा, हा उपदेश आमच्या लोकांना फार वेळा करून झाला आहे. बाबासाहेबांनी त्याला १९४५ सालीच उत्तर दिले: राबणाऱ्या माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवायचे, तर यंत्र हवेच. मलाही यंत्र हवे आहे. माझ्या वर्गातल्या दोन मुली अवकाशसंशोधनात जायचे म्हणतात, आणि मी त्यांना मेलिएबरोबर न्यूटनही वाचायला लावतो. माझे म्हणणे एवढेच की चंद्रावर कोण उतरले याबरोबर पत्रा कोणी ठोकला आणि जागा कोणी सोडली, हेही इतिहासाने विचारावे.

म्हणून गेली दोन वर्षे मी पवनी आणि लाखांदूर तालुक्यांत, नदीकाठच्या गावांतून, फिरत्या टॉकीजच्या आठवणी गोळा करीत आहे. सांगणारे सत्तरीच्या घरातले. गोष्ट कोणालाही धड आठवत नाही. आठवते ते थंडीत अंगाखाली घेतलेले तणस, इंजिनाचा धूर, मध्येच तुटलेली रीळ. बायकांची बसण्याची जागा वेगळी दोर बांधून केलेली असे. पडद्यामागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मला विचारले की चंद्रावर शेती कोण करत होते. चित्रपटात तिला कोणी दिसले नव्हते. एका गावात तंबू ठोकणारा, रिळांच्या पेट्या बैलगाडीतून वाहणारा मजूर भेटला. इंजिन बंद पडू नये म्हणून खेळ सुरू असताना त्याला तंबूबाहेर इंजिनाजवळ उभे राहावे लागे. 'चाँद पर चढाई'ची गाणी त्याला चालीसकट येतात आणि मारामारीत लोक कोठे ओरडत हेही तो बरोबर सांगतो. चित्रपट मात्र त्याने एकदाही पाहिलेला नाही. मी मोबाईल पुढे केला, तेव्हा त्याने आधी विचारले, किती वेळाचा आहे, कारण त्याला संध्याकाळी बांधीवर पाणी धरायला जायचे होते.